दहाव्या बोटीचा हिशेब

मी अर्थशास्त्र शिकवायचे तेव्हा मासेमारीचा धडा आलेखाने सुरू करत नसे. आधी फळ्यावर पाच बोटी काढायचे. खाडीतून दिवसाला ४० टोपल्या मासळी निघते, प्रत्येक बोटीला ८. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा वाटा असा एका बोटीचा खर्च ४ टोपल्यांचा. म्हणजे पाचही बोटींचे मिळून २० टोपल्या शिल्लक.

ही शिल्लक पाहून सहावी बोट येते. तिच्या वाट्याला साडेसहाच्या वर टोपल्या येतात, तिचा निर्णय अगदी बरोबर. मग सातवी, आठवी. दहावी येते तेव्हा मासळी तेवढीच, ४० टोपल्या, खर्चही ४०. शिल्लक शून्य. यात कुणीच हावरट नाही. मासा पाण्यात असेपर्यंत कुणाचाच नसतो, एवढंच कारण पुरतं. कॅनडाचे अर्थतज्ज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी हे १९५४ साली मांडलं.

आता डिझेलवर अनुदान द्या. खर्च ३ टोपल्यांवर आला, की मुलं म्हणायची, फायदा वाढेल. नाही. बोटी तेरा होतात. जागतिक व्यापार संघटनेने २०२२ साली बेकायदा मासेमारीला आणि आधीच घटलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला मिळणारी अनुदानं रोखणारा करार केला, पण बोटींची संख्या फुगवणाऱ्या अनुदानांचा मोठा प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर ढकलला. मला ते फार खटकतं.

माझ्या उदाहरणात मासळी ४० टोपल्यांवरच थांबते. समुद्रात थांबत नाही, घटत जाते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची पकड १९६८ मध्ये आठ लाख टनांच्या आसपास होती. उरलेला कॉड थव्यांनी गोळा व्हायचा आणि ट्रॉलर नेमके ते थवे शोधायचे, त्यामुळे साठा आटत असतानाही जाळी भरून येत. जुलै १९९२ मध्ये बंदी आली, दोन वर्षांसाठी म्हणून. तीस हजारांहून जास्त लोकांचं काम गेलं. बंदी उठायला २०२४ उजाडलं.

अनेक वर्षं मी इथे ‘उपाय: कोटा’, म्हणजे कुणी किती मासळी पकडायची याचा ठरवून दिलेला वाटा, असं लिहून फळा पुसायचे. आइसलँडबद्दल वाचल्यावर ते सोडलं. तिथे कोटा आधीच्या पकडीच्या इतिहासावरून फुकट वाटला गेला आणि पुढे विकता येऊ लागला. कोटा मोठ्या कंपन्यांकडे साचत गेला, काही गावांतल्या बोटी थांबल्या. दोन मच्छीमारांनी दाद मागितली आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला. पाच बोटी ठेवायच्या हे गणित सांगतं, कोणाच्या ठेवायच्या हे सांगत नाही. शिकवताना हे मी इतका काळ गाळलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

चिलीची वाट मला जास्त पटते. १९९१ च्या कायद्याने तिथे किनाऱ्याचे ठरावीक पट्टे मच्छीमारांच्या संघटनांकडे सोपवता येऊ लागले. लोको नावाची मोठी समुद्री गोगलगाय किती काढायची याची मर्यादा ठरते आणि पट्ट्याची राखण तेच लोक करतात. चोरून काढणारे असतात, म्हणून रात्रीचा पहारा द्यावा लागतो. त्या पहाऱ्याचं डिझेलही बोटीच्या खर्चात धरायला हवं, आणि ते माझ्या फळ्यावरच्या ४ टोपल्यांत कधीच नव्हतं.