कमोडोर ६४ ची केस: रंग नवा, बिल्ला जुनाच

मागच्या खेपेला सांगितलं होतं की कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या या केसवर, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचावर, कुणीतरी ब्रशने काळा रंग फासलाय, शिवाय मागच्या बाजूला रीसेट स्विचसाठी भोक पाडलंय. नुसती पिवळी पडली असती तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांवर भागलं असतं. इथे पूर्ण रंगवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्वतःला एकच अट घातली: रंग हवा तेवढ्या वेळा चुको, १९८२ च्या या मॉडेलचा मूळ बिल्ला शाबूत राहिला पाहिजे. हुबेहूब नवे बिल्ले छापून मिळतात, पण मला ते खोट्या दातांसारखे वाटतात.

केस उघडणं सोपं. खाली पुढच्या कडेला तीन स्क्रू, मागे खाचेत अडकणारे आकडे. वरचा भाग मात्र हिसका देऊन उचलू नका, कीबोर्डची आणि एलईडीची वायर बोर्डाला जोडलेली असते.

इंद्रधनुषी पट्ट्यांचा तो बिल्ला म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. एकदा दुमडला की घडी कायमची. हेअर ड्रायरने अर्धा मिनिट शेकलं, मग दात साफ करायचा दोरा कडेखाली सरकवून करवतीसारखा मागेपुढे ओढत राहिलो. तीन कोपरे लोण्यासारखे सुटले. चौथ्याला पुन्हा ऊब द्यायचा कंटाळा केला आणि नखाने उचलला. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी सुरकुती पडली. आहे ती आहे. मागचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला, पण छापील बाजूला फक्त साबणाचं पाणी. अल्कोहोलने अक्षरंही जातील ही धास्ती होती.

खरं बक्षीस बिल्ल्याखाली होतं. तिथल्या प्लास्टिकला इतकी वर्षं उजेडच लागला नव्हता, त्यामुळे करड्याकडे झुकणारा मूळ तपकिरी रंग जसाच्या तसा. केसच्या बाहेरच्या रंगावरून छटा ठरवली असती तर पिवळेपणासकट रंगवून बसलो असतो. कार्डाच्या तुकड्यांवर नमुने मारले आणि पूर्ण वाळल्यावर दिवसाउजेडी त्या जागेशी ताडून पाहिले. ओला रंग हमखास फसवतो. पाचवा नमुना जुळला.

काळा रंग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याखाली मऊ पडून निघाला. ॲसिटोन चुकूनही लावू नका, केसचं एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं. भोक बुजवायला मात्र तोच गुण कामी आला: एबीएसचे कपटे ॲसिटोनमध्ये विरघळवून लगदा केला आणि थराथराने भरला. वाळताना तो आक्रसतो, म्हणून घासायच्या आधी चांगले चार दिवस थांबलो.

घासताना भोकाभोवतीचा मूळ खरखरीत पोत गुळगुळीत झाला. प्रायमर सुकल्यावर तिथेच स्प्रे जरा लांबून मारला. थेंब हवेतच अर्धवट सुकतात आणि बारीक कणांसारखे बसतात. जवळून पाहिलं तर फरक कळतो, हातभर अंतरावरून नाही.

आता बिल्ल्याची खाच. पहिल्या खेपेला मी ती मोकळीच ठेवून रंगवली, आणि कडांवर थर साचल्यामुळे बिल्ला आत बसेना. फरक सुतभराहूनही कमी, पण बसेना तो बसेना! शिवाय खाचेच्या तळाला रंग असला तर बिल्ला प्लास्टिकला न चिकटता रंगाला चिकटतो, आणि रंगाचा पापुद्रा सुटला की तोही त्याच्यासोबत येतो. कडा खरवडल्या, तळाला मास्किंग टेप लावली आणि उभ्या कडांवर दोनच पातळ हात मारले. टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत काढली, नाहीतर काठाचे तुकडे निघाले असते.

आठवडाभर हात न लावता ठेवली. काल पातळ दुहेरी टेपवर बिल्ला बसवला, डावीकडून उजवीकडे अंगठ्याने दाबत. सुरकुती दिव्याखाली चमकते. उजवीकडची पॉवरची छोटी पट्टी अजून बाकी आहे, आणि या खेपेला ड्रायर शेवटपर्यंत हातातच राहील.