सेल्फ 'टक्' म्हणायचा, पण गाडी ढिम्म

किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकच 'टक्' यायचा आणि इंजिन जागचं हलायचं नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गेला, बदलून टाक. मला ते पटेना. टक् होतोय म्हणजे सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय, पण घोटाळा मोटरपर्यंतच्या करंटच्या वाटेतही असू शकतो.

आवाज कसा येतोय हे नीट ऐकावं. भराभर 'टकटकटकटक' झालं तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. मोटरने करंट खेचला की व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो. माझा मात्र एकच ठसठशीत टक्. हेडलाइट लावून किल्ली फिरवली, उजेड जेमतेम मंदावला. बॅटरीवर मीटर लावला तर 12.6 व्होल्ट, किल्ली फिरवल्यावर 12.3. मोटर जाम असती तर व्होल्टेज धाडकन खाली आलं असतं. मोटरला करंट मिळतच नव्हता.

बॅटरीकडून सेल्फला जाणारी जाड केबल मी आधी मीटरचा बीप लावून (वाट जोडलेली असली की तो वाजतो) तपासली होती. बीप वाजला आणि मी फसलो. दहा तुटलेल्या तारांमध्ये एक धड असली तरी बीप वाजतो. सेल्फला 150 ते 200 अँपिअर लागतात, तिथे 0.02 ओमचा अडथळासुद्धा 3 ते 4 व्होल्ट खातो आणि साध्या मीटरला तो दिसत नाही. म्हणून करंट ओढला जात असतानाच वाटेत किती व्होल्ट खर्ची पडतात ते मोजायला हवं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, भाऊ किल्लीवर. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर: 0.1 व्होल्ट. अर्थिंग उत्तम. मग पॉझिटिव्ह बाजू. टोक क्लॅम्पवर नाही, खांबावर टेकवायचं. दुसरं केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, सेल्फच्या बोल्टवर. नाहीतर सांध्यातला दोष मोजमापातून निसटतो. भावाला म्हटलं, "फिरव." इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं होतं, आले जवळजवळ 11! बॅटरीचा सगळा जोर त्या एका केबलमध्येच संपत होता. किल्ली सोडून सेल्फकडच्या टोकाला बोट लावलं, चटका बसला.

आधी निगेटिव्ह काढला, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. लगवरचं रबर चिरलं तर आत हिरवी भुकटी, आणि तारा चिमटीत चुरा होऊन हातात आल्या. बाहेरून केबल अगदी नवी दिसत होती.

तेवढ्याच जाडीची केबल टाकून पुन्हा मोजलं: 0.2 व्होल्ट. इंजिन फिरताना बॅटरीवर 10.8, आणि 9.6 च्या वर असलं की मी निश्चिंत असतो. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली, जुना सेल्फ तसाच आहे.