झाकण कुणाच्या हाताने उघडायचे?

गेल्या श्रावणात नंदगडला आईकडे गेलो, तेव्हा खोकल्याच्या औषधाची नवी बाटली तिच्या उशाशी न उघडलेली दिसली. औषध आणून तीन दिवस झाले होते, खोकला तसाच होता, आणि टोपणावर अडकित्त्याच्या पात्याने काढलेले चार-पाच ओरखडे होते. “टोपण फिरतंय रे, पण निघत नाही. कुणाला तरी हाक मारायची म्हणून राहून गेलं,” आई म्हणाली. मी बाटली हातात घेऊन पाहिली, तर टोपण खालच्या कड्यासकट काचेवर गरगर फिरत होते. कडे तुटत नव्हते, म्हणून टोपण वर चढत नव्हते. शेवटी पकडीने कडे कापले आणि तिला पहिला चमचा दिला.

मी बेळगावच्या उद्यमबागेत प्लास्टिकच्या टोपणांचे साचे बनवतो. आमच्या शेडमध्ये मराठी कामगार त्याला टोपण म्हणतात, कन्नड कामगार मुच्चळ म्हणतात, आणि ऑर्डरच्या कागदावर कॅप असे लिहिलेले असते. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांचे प्रश्न ठरून गेले आहेत: टोपण गळेल का, एका शॉटला, म्हणजे साचा एकदा भरून टोपणे काढायला, किती सेकंद लागतील, नगामागे किती ग्रॅम माल जाईल. उघडणारा हात कुणाचा असेल, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारले नाही, आणि मीही तो विषय कधी काढला नाही. आईच्या त्या तीन दिवसांची खंत अजून मनात आहे आणि हे लिहिण्याचे कारणही तीच आहे.

औषधाच्या बाटलीवरचे ते टोपण ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे असते, आणि ते बाटलीवर बसण्यापूर्वी त्याला आटेच नसतात. गुळगुळीत टोपी बाटलीच्या तोंडावर ठेवतात, मशीनचे डोके ती वरून घट्ट दाबून धरते, आणि भोवती फिरणाऱ्या चकत्या पत्रा काचेच्या आट्यांत दाबत जातात. म्हणजे प्रत्येक टोपणाचे आटे त्याच्या त्याच्या बाटलीवरच उमटतात. त्याच वेळी दुसऱ्या चकत्या खालची कड काचेच्या उंचवट्याखाली मुडपतात. टोपण आणि कडे यांच्यामध्ये पत्र्याचे बारीक पूल ठेवलेले असतात, आणि ते पहिल्यांदा फिरवताना तुटणे हीच बाटली आधी कुणी उघडली नसल्याची खूण असते. युक्ती उत्तम आहे. परंतु चकत्यांचा दाब थोडा कमी पडला की आटे उथळ उमटतात, पुलांचे बळ आट्यांच्या पकडीपेक्षा जास्त ठरते, आणि मग आईच्या बाटलीचे झाले तसे होते. तरणा माणूस जोर लावून किंवा दाताने ते कसेबसे सोडवतो. संधिवाताने अंगठ्याचा सांधा दुखणाऱ्या बाईला ते शक्य नसते.

बंद वस्तू आपल्या आधी कुणी उघडली नाही, याची खात्री मागणे आपल्याकडे नवे नाही. काशीहून आणलेल्या गंगेच्या गडूचे तोंड डाख देऊन बंद केलेले असते. मावंद्याला त्याची पूजा होते आणि पुढे वर्षानुवर्षे तो देवघरात तसाच राहतो. तो रोज उघडायचा नसतो, म्हणून त्याला डाख चालतो. लोणच्याच्या बरणीवर मात्र दादरा बांधतात, कारण ती रोज उघडायची असते, आणि दोरीची गाठ एका हाताने ओढली की फडके सुटते. या दोन टोकांच्या मधली वस्तू म्हणजे फिरकीचा तांब्या. आजोबांचा पितळी तांब्या आमच्या घरी अजून आहे. त्याच्या फिरकीचे आटे मी एकदा कारखान्यात भिंगाखाली पाहिले. ते जाड आहेत, खोल आहेत आणि त्यांचे खांदे गोल आहेत, त्यामुळे त्यात वाळूचा कण अडकला तरी फिरकी जाम होत नाही. आज आम्ही प्लास्टिकच्या टोपणातही आटे गोल खांद्यांचेच ठेवतो, पण आमचे कारण निराळे आहे: टोपण थंड होताच ते साच्याच्या कोअरवरून, म्हणजे टोपणाची आतली बाजू घडवणाऱ्या गाभ्यावरून, सरळ ढकलून काढायचे असते, आणि आटे टोकदार असतील तर ते सोलवटून निघतात. टोकदार आटेच हवे असतील तर कोअर फिरवून बाहेर काढणारी यंत्रणा साच्यात बसवावी लागते, आणि साच्याची किंमत बरीच वाढते.

कारखानदारीच्या काळात बंद करण्याचा प्रश्न एकापाठोपाठ एक सुटत गेला. अमेरिकेत जॉन लँडिस मेसन यांनी 1858 मध्ये आट्यांच्या काचेच्या बरणीचे पेटंट घेतले. इंग्लंडचे हिरम कॉड यांनी 1872 मध्ये गोटीची बाटली काढली, तीच आपली गोटी सोडा. ही बाटली उलटी धरून भरतात. सरळ केली की आतला वायू गोटीला वर रेटतो आणि गोटी गळ्यातल्या रबरी कड्याला चिकटून बसते. बाहेरून काहीही न लावता आतल्या वायूनेच तोंड बंद करण्याइतकी देखणी कल्पना मला या धंद्यात दुसरी दिसलेली नाही. बेळगावच्या उन्हाळ्यात अंगठ्याच्या एका दाबाने सुटणारा तो फस्स आवाज लहानपणापासून कानात आहे. पुढे 1892 मध्ये बाल्टिमोरचे विल्यम पेंटर यांनी दातेरी पत्र्याचे बूच आणले. त्याला तेव्हा 24 दाते होते, आज 21 असतात. बूच उत्तम बसते, पण हाताने निघत नाही. पेंटर यांना 1894 मध्ये ओपनरचेही पेटंट घ्यावे लागले.

यानंतरचा मोठा बदल एका दुर्घटनेतून आला. 1982 मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरले आणि सात माणसे मरण पावली. डब्या दुकानात जशाच्या तशा दिसत होत्या, उघडून पुन्हा बंद केल्याची खूण राहील अशी सोयच त्यांना नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेत दुकानात थेट विकल्या जाणाऱ्या औषधांना अशी खूण सक्तीची झाली. आज पाण्याच्या बाटलीचे कडे, तेलाच्या डब्याच्या तोंडावरचे चिकटवलेले ॲल्युमिनियमचे पान, जॅमच्या झाकणावरची टक् असा आवाज करणारी बटणासारखी गोलाई ही सारी त्याच काळजीची रूपे आहेत.

प्लास्टिकच्या टोपणाचे कडे करताना आम्ही टोपणाच्या खालच्या भागावर पात्याने गोल चीर पाडतो. त्या पात्याला ठरावीक अंतरावर खाचा असतात. खाच येते तिथे प्लास्टिक कापले जात नाही आणि तेवढाच पूल शिल्लक राहतो. पुलाची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांत असते. तो पातळ झाला तर भरण्याच्या मशीनवर टोपण बसवतानाच तुटतो, कारण कडे बाटलीच्या उंचवट्यावरून ताणून खाली उतरावे लागते. जाड झाला तर गिऱ्हाइकाच्या मनगटाला तुटत नाही. पाते बोथट झाले की पूल हळूहळू जाड होत जातात, आणि ते कारखान्यात कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण तपासणारे हात पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांचे असतात. माझ्या मते निम्मे दुखणे इथेच आहे.

या बाबतीत मुलांपासून सुरक्षित टोपणांचा इतिहास मला फार शिकवून गेला. कॅनडातल्या विंडसर शहरातले बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री ब्रो यांनी गोळ्या खाऊन विषबाधा झालेली मुले वारंवार पाहिली आणि 1967 मध्ये दाबून फिरवायचे टोपण पुढे आणले. त्यात एकात एक अशी दोन टोपणे असतात. वरून तळहाताने दाबल्याशिवाय बाहेरचे टोपण आतल्याला पकडतच नाही. 1970 मध्ये अमेरिकेत यासाठी कायदा झाला आणि चाचणी ठरली: 42 ते 51 महिन्यांच्या मुलांना बाटली देऊन पाच मिनिटे प्रयत्न करू द्यायचा, मग उघडून दाखवायचे आणि आणखी पाच मिनिटे द्यायची, शंभरातल्या किमान 80 मुलांना ती उघडता येता कामा नये. मात्र मोठ्यांची चाचणी 18 ते 45 वयाच्या माणसांवर घेतली जाई. परिणाम असा झाला की वृद्धांना टोपण उघडेना, मग ते उघडेच ठेवले जाई किंवा गोळ्या दुसऱ्या डबीत काढल्या जात, आणि नातवंडांच्या हाती त्याच लागत. 1995 मध्ये नियम बदलला आणि मोठ्यांच्या चाचणीचे वय 50 ते 70 झाले. चाचणीला कोणाचा हात घ्यायचा, एवढ्या एका बदलासरशी कारखान्यांना टोपणांची रचना नव्याने करावी लागली.

सध्या चर्चा आहे ती बाटलीला जोडून राहणाऱ्या टोपणांची. युरोपीय संघात 3 जुलै 2024 पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या बाटल्यांचे प्लास्टिकचे टोपण उघडल्यावरही बाटलीलाच लटकून राहिले पाहिजे, असा नियम आहे. काहींना ते तोंडाला लागते म्हणून राग येतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेनंतर वाटेवर पडलेला कचरा पाहिलेल्या माणसाला मात्र त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. बाटल्यांना भंगारात भाव असतो, त्या वेचल्या जातात. टोपणे मातीत राहतात. पुन्हा बाटलीचे पीईटी जातीचे प्लास्टिक पाण्यात बुडते आणि टोपणाचे प्लास्टिक तरंगते. पुनर्वापराच्या कारखान्यात याच फरकाने दोन्ही वेगळे करतात, पण पावसाच्या लोंढ्यात त्यामुळेच टोपणे मलप्रभेपर्यंत वाहत जातात. म्हणून कडे आणि टोपण यांच्यातले सगळे पूल न तोडता एका बाजूला रुंद पट्टी ठेवायची, इतकाच बदल आहे, आणि तो इथेही यावा असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या हातातल्या कामाबद्दल. खानापूरकडच्या एका महिला बचत गटाला लोणच्याच्या 63 मिलिमीटर तोंडाच्या बरणीसाठी टोपण हवे आहे. नेहमीचे गोल, बारीक रेघांचे टोपण तेलकट हातातून निसटते, कारण ते केवळ चिमटीच्या जोरावर आणि घर्षणावर फिरते. तेलाने घर्षण गेले की चिमट दुप्पट लागते, आणि दुखऱ्या अंगठ्यावर सगळा भार येतो. म्हणून या वेळी बाहेरचा आकार पूर्ण गोल न ठेवता चार पाकळ्यांचा केला. पाकळीच्या बाजूवर बोट टेकले की चिमटण्याऐवजी ढकलता येते, आणि चार बोटांचे बळ कामाला येते. पूल दोनाने कमी केले आणि चिरीच्या पात्याला धार लावण्याची पाळी ठरवून दिली.

पहिले दोन नमुने मी आईकडे नेले, तेव्हा तिने ते परत दिले. तिसरा नमुना तिने हाताला तेल लावून, पदराचा आधार न घेता उघडला. मग तळहात पाहत म्हणाली, “निघालं. पण कड टोचते, ती गोल कर.” प्लास्टिकवरची कड गोल करायची म्हणजे साच्याच्या कॅव्हिटीतला, म्हणजे टोपणाची बाहेरची बाजू घडवणाऱ्या पोकळीतला, कोपरा भरून काढायचा, पोलाद कोरणे सोपे असते, भरणे अवघड असते, आणि वेल्डिंगने भरलेल्या जागेवर तशी चकाकी येत नाही. त्यामुळे नवा इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा तेवढाच सुटा तुकडा, कापायला घेतला आहे. गटाच्या बायकांना टोपणे आठ दिवस उशिरा मिळतील, आणि उशीर का होतो आहे हे मी त्यांना सांगितले आहे.