ग्विचिन ऐकायला डेम्पस्टर हायवेनं जाणार असाल तर

कॅनडाच्या वायव्य टोकाला तिथल्या ग्विचिन या मूळनिवासी लोकांची भाषा कानांनी ऐकायची म्हणून डॉसन गावाजवळून डेम्पस्टर हायवे हा कच्चा रस्ता धरला. "जुलैत जा, सगळं उघडं असतं," हा सल्ला मी मानला, तिथंच चुकलो. फोर्ट मॅकफर्सन या ग्विचिन गावाला पोचलो तर जाणती म्हातारी माणसं मासे पकडून वाळवायला नदीकाठच्या तळांवर गेलेली. ग्विचिन वारशाचं काम चालतं ते कार्यालय आहे, संग्रहालय नाही. फोन करून वेळ ठरल्याशिवाय जाऊच नका.

आता रस्ता. ईगल प्लेन्सला (रस्त्याच्या सुरुवातीपासून ३६९ किमी) टाकी काठोकाठ भरा, पुढे फोर्ट मॅकफर्सनपर्यंत पेट्रोल नाही. आर्क्टिक वृत्त ओलांडलं आणि पाऊस सुरू झाला. तिथून राइट खिंडीपर्यंतच्या ६० किलोमीटरना मला चार तास लागले. खाली पात्यासारख्या धारदार कपच्या, वर साबणासारखा चिखल. दोन टायर फाटले. मोबाइलला रेंज नाही. एकाच स्टेपनीवर निघणं हा शुद्ध वेडेपणा आहे, दोन घ्या. गाडी भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्याची परवानगी लेखी घ्या. माझ्याकडून टायरचे पैसे घेतलेच, वर चिखल धुण्याचे वेगळे उकळले. अजून राग जात नाही.

पील नदी ओलांडून देणारी फेरीबोट फुकट आहे, पण पाणी चढल्यामुळे तीन तास बंद होती. तिथं धक्क्यावर एक आजी भेटल्या. मॅकेन्झी नदीचं त्यांचं नाव नाग्विचून्जिक. "चू" म्हणजे मोठं, "न्जिक" म्हणजे नदी. माझ्याकडून चारदा म्हणवून घेतलं. फोर्ट मॅकफर्सन म्हणजे तीत्लित झे, नदीच्या उगमाकडच्या लोकांचं घर. मूळनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळेत ही भाषा बोललं की मार बसायचा, म्हणून स्वतःच्या मुलांशी त्या इंग्रजीच बोलल्या. आता नातीला शिकवताहेत. ते तीन तास बाकीच्या साऱ्या प्रवासापेक्षा मोलाचे.

२०१३ मध्ये चारशेहून जास्त ग्विचिन स्थळनावं सरकारदरबारी अधिकृत झाली. त्यांचा नकाशा ऑनलाइन आहे. निघण्याआधी नावं वहीत उतरवून घ्या. मी परतताना उतरवली, त्यामुळे जाताना निम्म्या नद्या नुसतं पाणी म्हणून ओलांडल्या.

फोर्ट मॅकफर्सनच्या पुढे याच रस्त्यावर असलेल्या इनुविक गावातले दोन दिवस सुखात गेले.

आजी म्हणाल्या, "मार्चमध्ये ये. नदी गोठलेली असते, गाडी बर्फावरून येते आणि मी घरीच असते." मार्चचं ठरवलंय.