मुंद्र्याची ओली खारीक

आमच्याकडे खारीक म्हणजे पूजेच्या ताटात हळकुंड-सुपारीच्या रांगेत बसणारी, सुरकुतलेली, दगडासारखी टणक. नाहीतर डिंकाच्या लाडवांसाठी अडकित्त्याने फोडायची. त्यामुळे मुलुंडला राहायला आल्यावर पहिल्याच जुलैत शेजारच्या कच्छी भाभींनी "लो बेन, खारेक" म्हणत पिवळ्याधमक फळांचा घोस हातात ठेवला, तेव्हा त्यांचा शब्द चुकला असंच मला वाटलं. यंदा त्यांच्याच ओळखीने कच्छमधल्या मुंद्र्याची खारकेची एक बाग बघून आले.

संध्याकाळी बांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस पकडली की सकाळी भुज. पुढे मुंद्र्यापर्यंत बरीचशी वेडी बाभूळच. मग मध्येच खजुरीची हिरवी रांग आणि रस्त्याकडेला खोक्यांत लाल-पिवळी फळं मांडून बसलेल्या बायका.

बागेच्या काकांनी आधी एका जुन्या झाडाखाली नेलं. फळ लालभडक, दिसायला देखणं. चावलं मात्र, आणि तोंड आतून गोळा झालं, कच्चं केळं खाल्ल्यासारखं! काका हसायला लागले. बी पेरून आलेल्या देशी झाडांचं असंच. एकाची चव दुसऱ्याला नसते, कुठलं गोड ते मालकालाच ठाऊक. शिवाय अशी साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत ते कळत नाही. म्हणजे काही वर्षं पाणी घालायचं आणि मग कळणार की याला फळच धरायचं नाही.

मग त्यांनी दुसरा घोस पुढे केला. "अब ये. बरही."

फळ बोराएवढं नाही, चांगलं सुपारीहून मोठं, गोलसर, हळदीच्या रंगाचं. दाताखाली कर्रकन तुटलं आणि उसाच्या पेरासारखा गोडवा आला. तुरटपणा औषधालाही नाही. मी चार खाल्ल्या, पाचवी लाजून ठेवली.

बरही मूळची इराकमधल्या बसऱ्याकडची. बहुतेक जातींचा तुरटपणा फळ मऊ पडल्यावरच जातो. ही कडक असतानाच गोड होते, आणि कच्छला नेमकं तेच हवं. इराकमध्ये उन्हाळा कोरडा, त्यामुळे फळ झाडावरच मऊ होऊन खजूर होईपर्यंत थांबता येतं. इथे कच्छमध्ये ऐन तयारीच्या वेळी, जून-जुलैत, पाऊस दारात. भिजलं की फळ तडकतं, आंबतं. म्हणून कडक असतानाच उतरवायचं. आपली वाळकी खारीकही याच कडक अवस्थेतलं फळ उकळून, उन्हात सुकवून करतात. सिंधमध्ये खैरपूरला तो मोठा धंदा आहे. थोडक्यात, भाभींचा शब्द बरोबर होता.

कच्छी खारकेला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, हे काकांनी अभिमानाने सांगितलं, पण दोनच वाक्यांत. रंगले ते फेब्रुवारी-मार्चच्या कामात. नर झाडाचा फुलोरा कापून आणायचा, प्रत्येक मादी झाडावर चढायचं आणि तिच्या फुलोऱ्यात त्याचे तुरे खोचून बांधायचे. वाऱ्याच्या भरवशावर कोण बसणार? त्यांच्या पोटऱ्यांवर काट्यांचे जुने वण होते.

दोनच दिवसांपूर्वी आषाढी बीज झाली होती, कच्छी लोकांचं नवं वर्ष. त्या दिवशी सगळे एकमेकांना भेटतात आणि पावसाची वाट बघतात. काका आभाळाकडे बघत म्हणाले, "बारिश तो हमको भी चाहिए, बेन. बस, बीस दिन बाद."

पण तो दुपारीच आला. भुरभुरच होती, तरी पाच मिनिटांत माणसं झाडांवर. जाळीत गुंडाळलेले घोस दोराने खाली सोडायचे, ताडपत्रीवर ओतायचे, तडकलेली फळं बाजूला. मीही निवडायला बसले. हात चिकट, मुंग्या पायांवर. फाटकाबाहेर चहावाला आनंदाने ओरडत होता आणि आत कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

येताना मिळालेलं खोकं आईकडे नेलं. उरलेल्या खारका, काकांनी सांगितल्याप्रमाणे, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढल्या, तर तपकिरी आणि मऊ, आत गुळाच्या पाकासारख्या. आईने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, बी ताटलीत ठेवली.

"छान आहे गं. पण हिने ओटी कशी भरायची?"