वीस पूर्णांक शून्य

नौदलात आर्टिफिसर, म्हणजे यंत्रे सांभाळणारा तंत्रज्ञ नौसैनिक, म्हणून वीस वर्षे इंजिन रूममध्ये काढल्यावर मी सोलापूरला परतलो आणि गेली नऊ वर्षे चिंचोळी एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात विमानांच्या सुट्या भागांचे मशीनिंग करतो आहे. सोलापूर म्हटले की लोकांना चादरी आठवतात; माझे वडीलही यंत्रमागावरच होते. आमच्या हातचा भाग कोणत्या विमानात, कुठे बसतो हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसते. मात्र धातूच्या कोणत्या तुकड्यातून कोणता पीस निघाला, तो कोणी कापला आणि कोणी मोजला, याची नोंद प्रत्येक पीसबरोबर जाते आणि जपून ठेवली जाते. ही घटना त्या नोंदीचीच आहे.

मे महिन्यातील सकाळ होती. पावणेसातला मी मशीनच्या बंद खोलीत शिरलो आणि सवयीप्रमाणे बोअर गेजची, म्हणजे भोकाचा (बोअरचा) व्यास मोजणाऱ्या उपकरणाची, सेटिंग रिंग हातात घेतली; ठरलेल्या मापाच्या या कड्यावर गेज जुळवून घेतात. ही रिंग पोलादाची असते आणि खोली वीस अंशांवर असेल तर ती हाताला स्पष्ट गार लागते. त्या दिवशी ती गार लागली नाही. भिंतीवरचा तापमापक ३४ दाखवत होता, एसी बंद पडलेला होता, आणि टेबलावरच्या तक्त्यात रात्रभराच्या प्रत्येक तासापुढे एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेले २०.० होते.

बाहेरच्या माणसाला चौदा अंशांचा फरक किरकोळ वाटेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. लांबी मोजण्यासाठी वीस अंश हे प्रमाण तापमान १९३१ पासून जगभर मानले जाते. त्या रात्री ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमचे चार पीस झाले होते. त्यातील बोअरचा व्यास १२० मिलिमीटर, आणि तो वर ३५ मायक्रॉनपर्यंत चालतो, खाली एक मायक्रॉनही चालत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका अंशाला ॲल्युमिनियम मीटरमागे साडेतेवीस मायक्रॉनच्या आसपास वाढते, पोलाद साडेअकराच्या आसपास. म्हणजे चौदा अंशांत बोअर चाळीस मायक्रॉनने मोठे झाले, पण ज्या रिंगवर गेज लावले ती रिंग जेमतेम एकोणीस मायक्रॉनने वाढली. हा वीस मायक्रॉनचा फरक गेजला कळत नाही. त्याने प्रामाणिकपणे +१४ मायक्रॉन दाखवले आणि पीस पास झाले. मी ते चारही सीएमएमच्या, म्हणजे अचूक मापनयंत्राच्या, खोलीत दुपारपर्यंत ठेवले आणि वीस अंशांवर आल्यावर मोजले. चौघांचेही बोअर चार ते सहा मायक्रॉनने लहान निघाले.

बोअर लहान असले तर पुन्हा कापता येते, मोठे झाले तर पीस भंगारात जातो. त्यामुळे ते चार वाचले. माझ्या पोटात खड्डा पडला तो मागची पाने उलटताना. त्याआधीच्या अकरा रात्रींचे तक्तेही २०.० नेच भरलेले होते. खऱ्या तापमापकाचा आकडा कधी असा स्थिर राहत नाही, तो १९.६ होतो, २०.३ होतो, कंप्रेसर सुरू झाला की पुन्हा उतरतो. आणि त्या प्रत्येक पानाच्या तळाशी, रात्रपाळीकडून ताबा घेणारा म्हणून, माझी सही होती.

रात्रपाळीचा मुलगा बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला, ठेकेदारामार्फत आलेला. हात अत्यंत चांगला. पातळ भिंतीचा पीस न दबवता क्लॅम्प करणे मी त्याला एकदाच दाखवले होते. विचारल्यावर त्याने काही लपवले नाही. "काका, बावीसच्या वर लिहिलं की मशीन थांबवायचं असतं. मशीन थांबलं की सकाळी पीस कुठंयत म्हणून मलाच विचारतेत." त्या तक्त्यात छापील २०±२ होते, आकड्याचा रकाना होता, सहीचा रकाना होता, "एसी बंद पडला" असे लिहायला जागाच नव्हती. हा तक्ता ज्यांनी तयार करून दिला त्यांनी एकही रात्रपाळी केलेली नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे मी मालकांना लेखी कळवले आणि त्यात माझ्या अकरा सह्यांचाही उल्लेख केला. अकरा रात्रींचे सव्वीस पीस ग्राहकाकडे पोहोचले होते. तपासणीतून निसटलेल्या मालाची सूचना त्यांना द्यावी लागली, पीस परत आले, एकेक करून मोजले गेले, आणि सव्वीसच्या सव्वीस मापात निघाले. एसी त्या एकाच रात्री बंद पडला होता. तेव्हापासून कारखान्यातले दोघे-तिघे मला ऐकू जाईल असे म्हणतात की, चार पीस गुपचूप कापून घेतले असते तर काय बिघडले असते. त्यांचे मला पटत नाही. सव्वीस पीस बरोबर आहेत हे आम्हाला मोजल्यावर कळले. पाठवले तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

मुलाला दुसऱ्याच दिवशी काढून टाकले. मला ताकीदपत्र मिळाले.

हेच माझ्या मनातून जात नाही. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवरचे प्रशिक्षण संपवून मी पहिल्या जहाजावर गेलो तेव्हा एका रात्रीच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, मीही तेच केले होते. बेअरिंगची तापमाने दर तासाला खाली उतरून बघायची असतात. मी दोन तासांचे आकडे शिडीपाशी बसून लिहिले. आमच्या चीफने लॉग बघितला, काही बोलले नाहीत, मला खाली नेले आणि प्रत्येक बेअरिंगच्या टोपीवर तळहात ठेवायला लावून आधी माझ्या तोंडून आकडा वदवला, मग तापमापक दाखवला. आठवडाभर प्रत्येक वॉचमध्ये हेच चालले. आठवड्याअखेर माझा अंदाज दोन अंशांच्या आत येऊ लागला. वर त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर माझी पुढची वर्षे कशी गेली असती, सांगता येत नाही. सेटिंग रिंग हातात घेऊन बघण्याची माझी सवय तिथलीच आहे, आणि ती मी त्या मुलाला शिकवली नव्हती. क्लॅम्प शिकवला, टूल शिकवले, कूलंटचा वास बदलला की काय समजायचे ते शिकवले, रिंग राहिली.

चीफप्रमाणे मला गप्प राहता आले नसते, कारण माल बाहेर गेला होता. पण अहवालाबरोबरच "याला माझ्या पाळीत द्या, मी जबाबदार" एवढे एक वाक्य मी लिहू शकलो असतो, ते त्या दिवशी सुचले नाही. महिन्याभराने मालकांना तोंडी म्हणालो. ते म्हणाले, विषय मिटला आहे.

तक्त्यात आता शेऱ्याचा रकाना आहे. मुलगा होटगी रोडला ट्रॅक्टरचे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागला आहे. गेल्या आठवड्यात तिथे जाऊन भेटलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, ते चार पीस गेले का शेवटी?" मी म्हणालो, "गेले. वीस अंशांवर कापले, चारही मापात आले." त्याने मान हलवली आणि मशीनकडे वळला.