पहाटे दादर, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह: कॅमेरा घेऊन मुंबईत एक दिवस

मार्गशीर्षातल्या एका बुधवारची ही फेरी. दादर पश्चिमेचा फुलबाजार, ओव्हल मैदान, चर्चगेट, सीएसएमटी, पुन्हा ओव्हल आणि शेवटी मरीन ड्राइव्ह. कुठे ऊन कोणत्या बाजूने येतं आणि तिथली माणसं किती वाजता कामाला लागतात, हे पाहून क्रम ठरवला होता. तो उलटा केलात तर इमारती काळवंडलेल्या मिळतील आणि बाजार उठलेला.

दादरला पाचच्या आत पोहोचा. स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की सेनापती बापट मार्गावरच्या पुलाखाली आणि आजूबाजूला बाजार भरलेला असतो. गुरुवारच्या लक्ष्मीपूजेची खरेदी आदल्या दिवशी होते, त्यामुळे मार्गशीर्षातल्या बुधवारी झेंडू आणि शेवंतीच्या जोडीला वेण्या, आंब्याचे टाळे, पाच पालव्यांच्या जुड्या असं बरंच काही दिसतं. एरवीच्या दिवशी हे इतकं मिळत नाही. जमेल तर हाच महिना धरा.

एसी खोलीतून निघत असाल तर कॅमेरा बॅगेत बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. मुंबईच्या दमट हवेत थंड काच लगेच धुरकटते आणि पुसली तरी पुन्हा धुरकटते.

बाजारातली मोठी अडचण दिव्यांची. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण 1/250 सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे उमटतात, सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर चालू असेल तर हमखास. शटर 1/100 वर ठेवा, भिंगाचं छिद्र एफ/2 ते एफ/2.8 आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 ते 3200. एवढ्यात काम भागतं. हमालाचे पाय थोडे हलले तर हलू द्या, गर्दीचा वेग त्यातूनच दिसतो.

दुसरी अडचण झेंडूची. भगवा ढीग फोटोत सपाट, प्लॅस्टिकसारखा येतो आणि पाकळ्या हरवतात. कारण लाल रंगाची पट्टी आधीच भरून गेलेली असते, आणि साध्या हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर) ते दिसत नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड थोडा कमी, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. असं केलं की भगव्याच्या आत पाकळीची कड, तिच्यावरचा पाण्याचा थेंब, खाली पिवळट देठ, सगळं दिसतं.

जमीन पाला आणि पाण्याने निसरडी असते. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. वाटेच्या मधोमध उभं राहू नका. मागून "बाजू, बाजू" ऐकू आलं की डोक्यावर मोठी पाटी घेतलेला माणूस दोन पावलांवर आलेला असतो, त्याला थांबता येत नाही. खांबाला किंवा बंद गाळ्याला पाठ लावा. जवळून चेहरा घ्यायचा तर आधी विचारा, "मावशी, एक काढू का?" नाही म्हणाल्या तर पुढे चला. हो म्हणाल्या तर काढलेला फोटो तिथेच दाखवा आणि पावशेर फुलं घ्या. धंद्याची वेळ आपण घेतलेली असते.

सहाच्या सुमारास दादर सोडलं तर चर्चगेटच्या लोकलमध्ये अजून श्वास घेण्यापुरती जागा असते. बॅग पोटावर घ्या. स्टेशनच्या हद्दीत ट्रायपॉड उघडू नका, रुळांच्या कडेला जाऊ नका.

ओव्हल मैदान हे या दिवसातलं सगळ्यात समजून घेण्यासारखं ठिकाण. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ, एकोणिसाव्या शतकातलं, टोकदार कमानींचं गॉथिक; पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. दोन्ही मिळून 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या. डेकोची तोंडं पूर्वेला, गॉथिकची पश्चिमेला. म्हणून सकाळी डेको आणि दुपारनंतर गॉथिक. सकाळी विद्यापीठाचा मनोरा, राजाबाई टॉवर, काढायला गेलात तर 85 मीटरची काळी आकृती आणि मागे पांढरं आकाश मिळतं.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तरी समोरच्या उंच इमारतींमुळे डेकोच्या खालच्या मजल्यांवर ऊन यायला आठ वाजतात. ते अंगाला चाटून येतं तेव्हा गोल बाल्कन्या आणि आडव्या छज्ज्यांखाली धारदार सावल्या पडतात. साडेनऊनंतर त्या आखडतात. भिंग 35 ते 50 मिमी पुरे. फार रुंद भिंग वर उचललं की इमारत मागे कलते. त्यापेक्षा मैदानाच्या मधल्या पायवाटेपर्यंत मागे या, कॅमेरा सरळ धरा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा.

अकराच्या आसपास चर्चगेट स्टेशनबाहेर डबेवाले डबे वाटणीला लावतात. झाकणावरचे रंगीत आकडे आणि अक्षरं जवळून घेण्यासारखी आहेत. हाताला हात लागला तरी त्यांचं वेळापत्रक अडतं, तेव्हा 85 चं भिंग लावून चार पावलं लांबूनच काढा. 1/30 ला कॅमेरा त्यांच्या चालीबरोबर फिरवला तर डोक्यावरची पाटी स्थिर आणि मागचा रस्ता ओढलेला येतो. दहातले एक-दोन जमतात.

दुपारी बारा ते तीन जेवा, बॅटरी चार्ज करा. डोक्यावरच्या उन्हात काही निघत नाही.

सीएसएमटीची मुख्य बाजू पश्चिमेला, त्यामुळे साडेतीन ते पाच. समोरच्या महापालिकेच्या बाजूने पूर्ण इमारत बसते. दोन्ही वास्तू फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या. स्टेशन 1888 चं, पालिका 1893 ची. सिग्नल लाल असताना समोरचा रस्ता घटकाभर मोकळा होतो, तेवढ्यात काढा.

तिथून हुतात्मा चौकावरून वीस मिनिटांत पुन्हा ओव्हल. सव्वापाचनंतर डेकोची सावली मैदान ओलांडून गॉथिकच्या पायथ्याशी पोहोचते. खालचं सगळं निळसर आणि वर राजाबाई टॉवर एकटा सोनेरी. फार तर दहा-पंधरा मिनिटं टिकतं, पण या फेरीतलं सगळ्यात सुंदर दृश्य तेच.

मरीन ड्राइव्हला पावणेसहापर्यंत, नरीमन पॉइंटच्या टोकाकडे. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येला मोकळ्या समुद्रात उतरतो. जूनमध्ये तो मलबार हिलच्या बाजूला सरकतो. राणीच्या हारासाठी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या दिव्यांच्या वळणदार रांगेसाठी, मात्र सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटं थांबा, दिवे आणि आकाश सारख्या उजेडाचे होईपर्यंत. एफ/8, आयएसओ 100, 4 ते 8 सेकंद. मोठा ट्रायपॉड पाहून पोलीस व्यावसायिक शूटिंगची परवानगी विचारू शकतात, म्हणून अर्धा किलो मुगाची कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवा. कठड्याखालच्या टेट्रापॉडवर (सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर) उतरू नका, त्यावर शेवाळ असतं. ड्रोन पोलिसांच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. खारे तुषार भिंगावर बसतात ते कोरडे पुसू नका, चरे पडतात. आधी फुंकणीने उडवा, मग किंचित ओल्या कापडाने टिपा.